दुसऱ्या गिअरमधलं उत्तर

वाचकांचं पत्र: कोल्हापुरात राहणाऱ्या ४३ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्या कॉलेजात शिकवतात. घर ते कॉलेज जेमतेम ५ किलोमीटर. माहेर वैभववाडी तालुक्यात, तिथे आई-वडील दोघंच असतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी गगनबावड्याहून करूळचा घाट उतरून त्या एकट्याच गाडी घेऊन जातात. जाऊन-येऊन साधारण १६० किलोमीटर. वर्षाचं सगळं रनिंग ९,००० किलोमीटरच्या आसपास. हातातली छोटी पेट्रोल गाडी १२ वर्षांची झाली आणि आता नवी, थोडी उंच गाडी घ्यायचं घरात ठरलं आहे. पसंत पडलेल्या मॉडेलात तीन इंजिनं मिळतात: साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल. कोटेशनप्रमाणे साध्या पेट्रोलपेक्षा डिझेल ऑन-रोड १ लाख ६० हजारांनी महाग पडतं. भाऊ म्हणतो, घाटाचं रनिंग आहे, डिझेलच घे. यजमान म्हणतात, पेट्रोल ऑटोमॅटिक घे, डोक्याला ताप नको. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा टर्बोचे आकडे दाखवतो. ताई लिहितात: "मला मुळात गाडी चालवायला आवडते. घाट लागला की मन हलकं होतं. पण डिझेल म्हणजे ट्रॅक्टरचा आवाज, त्यात कसली मजा? आणि मजेसाठी पंधरा लाख घालायचे, हे घरात बोलून दाखवायचीही लाज वाटते. वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना विचारलं तर नुसते हसतात."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा इंजिनासाठी, दुसऱ्यांदा त्या 'लाज वाटते' साठी. आधी त्याबद्दल बोलतो, कारण ते मनातून गेल्याशिवाय पुढचा हिशेब सरळ होणार नाही.

दर पंधरा दिवसांनी म्हणजे वर्षाला २६ फेऱ्या. कोल्हापूर ते वैभववाडी आणि परत, घाट धरून चार-साडेचार तास स्टिअरिंगवर. वर्षाचे शंभराहून जास्त तास होतात हे. स्वयंपाकघराचा ओटा बांधताना आपण उंची मोजून घेतो, कारण रोज तिथे उभं राहायचं असतं. मग ज्या वस्तूवर वर्षाला शंभर तास हात ठेवायचा, ती हाताला आवडावी असं वाटण्यात चूक काय? शिवाय एक गोष्ट मी तीस वर्षं घाटरस्त्यांवर पाहत आलो आहे. ज्याला चालवायला आवडतं त्याचं लक्ष रस्त्यावर असतं. कंटाळलेल्या ड्रायव्हरचं लक्ष फोनकडे जातं, घड्याळाकडे जातं. तेव्हा घरात बोलताना 'मजा' हा शब्द दबक्या आवाजात काढू नका. आई-वडिलांकडे तुम्ही न चुकता जाता, त्यात त्या घाटाचाही वाटा आहे.

आता भावाच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचा नव्हता, जुना झाला आहे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. लिटरमागे तीस रुपयांचा फरक. डिझेलचे दर तेव्हा सरकार धरून ठेवत होतं. त्या दिवसांत नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या खपत, आणि वर्षाला ८-१० हजार किलोमीटर चालवणारी माणसंसुद्धा डोळे मिटून डिझेल घेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि तो फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० ला गाडीच्या धुरावरचा बीएस-६ हा कडक नियम आला, धूर गाळायची यंत्रणा महाग झाली आणि मारुतीसारख्या कंपनीने डिझेल इंजिनं बंदच केली. भावाच्या डोक्यातलं गणित त्या आधीचं आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात अजून तेच आहे.

तुमच्या मनातला समज वेगळा आहे: पेट्रोल म्हणजे मजा, डिझेल म्हणजे ओझं वाहणारं जनावर. आणि भावाच्या मनात त्याच्या उलट: घाटातली ताकद म्हणजे डिझेल. मला वाटतं, या दोन्ही समजांत एक तिसराच पाहुणा लपला आहे. तो म्हणजे टर्बो.

पुण्यात तयार झालेली पहिली डिझेल इंडिका आठवते? १९९८ च्या शेवटी आली. १.४ लिटरचं इंजिन, टर्बो नाही, ५३ च्या आसपास हॉर्सपॉवर. गाडी मोठी, आत जागा ऐसपैस, पण चार माणसं आणि सामान भरून घाटाला लागलं की हात गिअरवरून निघत नसे. डिझेलच होतं ना तेही! डिझेल इंजिन हवा खूप दाबतं. पेट्रोल इंजिनात दहा-अकरा पट, तर डिझेलात सोळा पटीच्या आसपास. त्या दाबानेच हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेट घेतं. तो दाब सोसायला सगळे भाग जाड आणि जड करावे लागतात आणि म्हणून डिझेल इंजिन पाच हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या, वर सहसा जात नाही. पण सुरुवातीलाच जी ओढ जाणवते, पाठ सीटला टेकवणारी, ती मुख्यतः टर्बोची. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो, मग जास्तीचं इंधन जाळता येतं. तोच पंखा पेट्रोलला लावला की पेट्रोलही तसंच ओढतं.

आकडे तुमचा मुलगा सांगतोच आहे, तर तेही नीट लावून पाहू. ह्युंदाई क्रेटात तुम्ही म्हणता तशी तिन्ही इंजिनं मिळतात, म्हणून तिचं उदाहरण घेतो. साधं १.५ पेट्रोल ११५ हॉर्सपॉवर, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, १४४ न्यूटन मीटर, तोही ४,५०० आरपीएमला. डिझेल ११६ हॉर्सपॉवर, टॉर्क २५०, १,५०० ते २,७५० आरपीएममध्ये. टर्बो पेट्रोल १६० हॉर्सपॉवर, टॉर्क २५३, १,५०० ते ३,५०० मध्ये. पहिल्या दोघांची हॉर्सपॉवर पाहा, जवळजवळ सारखी. म्हणजे करूळ घाट चढताना पूर्ण जोर लावला तर दोघी जवळपास एकाच वेळी गगनबावड्याला पोचतील. फरक आहे तो जोर कुठे मिळतो यात. डिझेल आपली पूर्ण ताकद ४,००० आरपीएमला देतं, साधं पेट्रोल ६,३०० ला. २,००० आरपीएमवर, म्हणजे आपण एरवी चालवतो तिथे, पाय पूर्ण दाबला तर डिझेलकडून सुमारे ७१ हॉर्सपॉवर मिळते. साध्या पेट्रोलकडून त्या जागी फार फार तर ४१.

म्हणून तुमचा प्रश्न मी असा विचारीन: वळणातून बाहेर पडताना तुम्हाला काय करायला आवडतं?

हे प्रामाणिकपणे आठवून पाहा. करूळच्या एखाद्या यू-वळणावर तुम्ही तिसऱ्यातून दुसरा गिअर पाडता, क्लच सोडताना थोडी रेस देता, इंजिनाचा आवाज चढतो, ३,५००, ४,०००, गाडी आखडते आणि सुटते. तो आवाज चढत जाणं, योग्य क्षणी गिअर बदलला गेल्याचं समाधान, हीच तुमची मजा असेल, तर तुम्ही पेट्रोलचं माणूस आहात. साधं पेट्रोल इंजिन तुमच्याकडून काम मागतं आणि केलेल्या कामाची पावती लगेच देतं. पायाचा अंगठा हलला की इंजिन हललं, मध्ये कुणी नाही.

याउलट, वळण संपताना तिसऱ्याच गिअरमध्ये पाय हलका दाबावा आणि गाडीने न कुरकुरता, कुणीतरी मागून हात लावल्यासारखं वर निघावं, पुढच्या वळणाआधी धुक्यातली दरी बघायला क्षणभर उसंत मिळावी, असं तुम्हाला आवडत असेल तर ती मजा डिझेलची आहे. तीही मजाच. तिला ट्रॅक्टर म्हणू नका. २००६ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत आउडीच्या डिझेल गाडीने जिंकली होती. जे इंजिन २४ तास सगळ्यांच्या पुढे पळू शकतं, त्यात नुसतं ओझं वाहण्यापलीकडे काहीतरी आहेच.

मी स्वतः दोन्हीकडून गेलो आहे. पहिली गाडी साधी पेट्रोल होती. नंतर १.३ लिटरचं डिझेल असलेली छोटी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात कुंभार्ली घाटाला गेलो. कराडकडून चिपळूणला उतरताना काही वाटलं नाही. परत चढताना एका तीव्र वळणावर सवयीने दुसरा गिअर ठेवला. आरपीएम दीड हजाराच्या खाली आले, टर्बो झोपला आणि गाडी जागच्या जागी मेल्यासारखी झाली. मागे उसाचा ट्रक. गडबडीत गाडी बंद पडली. त्या दिवशी मला वाटलं, फसलो. आणखी चार फेऱ्या झाल्यावर कळलं की त्या इंजिनाला १,८०० च्या खाली सोडायचंच नाही. वळण तीव्र असेल तर सरळ पहिला टाकायचा, आणि एकदा टर्बो जागा झाला की मग त्याच्यासारखा सोबती नाही. सात वर्षं चालवली ती गाडी आणि विकताना जीवावर आलं. सांगायचं कारण, नव्या इंजिनाची मजा पहिल्या फेरीत कळत नाही. तुमचे हात १२ वर्षं पेट्रोलला सरावले आहेत. डिझेल चालवून 'छे' म्हणण्याआधी त्याला थोडा वेळ द्या. अलीकडच्या डिझेलांत हा दोष बराच कमी झाला आहे, पण गेलेला नाही.

टर्बो पेट्रोलबद्दल फार लिहीत नाही. ताकद दोघांहून जास्त, आवाज गोड, आणि घाटात तुम्ही मनासारखं चालवलंत तर ॲव्हरेज लिटरला ११-१२ वर यायला वेळ लागत नाही. पुष्कळ मॉडेलांत टर्बोबरोबर ऑटोमॅटिकच मिळतं, हातचा गिअर नसतो, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं की गिअर हातातून गेला तर तुमची निम्मी मजा जाईल. मुलाला सांगा, १६० चा आकडा गाठायला ५,५०० आरपीएम लागतात आणि करूळच्या दोन वळणांमध्ये तेवढी सरळ जागा फारशी सापडत नाही.

यजमानांचं ऑटोमॅटिक काळजीपोटी आहे, हे दिसतंच. शहरातल्या पाच किलोमीटरला ते बरोबरही आहे. फक्त साध्या पेट्रोलला जोडलेलं ऑटोमॅटिक घाटात अनेकदा आवाज खूप करतं आणि चढतं सावकाश. ते एकदा दोघांनी मिळून चढावर चालवून बघा, वाद आपोआप मिटेल.

आता पैशांचं, कारण ते टाळून चालणार नाही. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. तुमच्या मिश्र रनिंगला साधं पेट्रोल लिटरला १४ देईल, डिझेल १९, असं समजू. ९,००० किलोमीटरला पेट्रोलचा वर्षाचा खर्च ६७ हजारांच्या जवळ, डिझेलचा ४३ हजार. वाचले सुमारे २४ हजार. गाडीच्या किमतीतले १ लाख ६० हजार भरून यायला पावणेसात वर्षं लागतील, त्यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही. त्या १ लाख ६० हजारांत सरकारचाही वाटा आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या गाडीला स्वतःच्या नावावर पेट्रोल असेल तर १२ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १४. म्हणजे बचतीसाठी डिझेल, हे कारण तुमच्याबाबतीत उभं राहत नाही. आवडलं म्हणून घेतलंत तर ते कारण भक्कम आहे.

दुसरी अडचण त्या पाच किलोमीटरची. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि शोरूममध्ये तो क्वचितच कुणी काढतं. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. ती काजळी अडवते. साठलेली काजळी जाळायला गाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात सलग चालावी लागते. घरातून राजारामपुरीच्या सिग्नलांतून कॉलेज आणि परत, यात इंजिन नीट तापतही नाही. असं रोज झालं की काजळी साठत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. तुमचं माहेर इथे उपयोगी पडतं. दर पंधरा दिवसांनी कळे, साळवण, असळज या मोकळ्या रस्त्याने गाडी चालली की गाळणी आपोआप साफ होईल. प्रश्न पावसाळ्याचा. गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका. दरड आली, घाट बंद झाला की महिना-महिना तुमचं जाणं होत नसेल. तेव्हा दर आठवड्याला अर्धा तास हायवेला गाडी फिरवून आणायची तयारी हवी. तो दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका. आणि 'ताई, ती गाळणीच काढून टाकू, कटकट संपेल' असं कुणी मेकॅनिक म्हणाला तर त्याच्याकडून गाडी परत घेऊन निघा. डिझेलच्या धुरामुळे कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निर्विवादपणे मान्य केलं. ती गाळणी आपल्या मागे चालणाऱ्या शाळेच्या मुलांसाठी आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, आणि ती कुणीच तुम्हाला विचारलेली दिसत नाही. गाडी उंच आणि मोठीच का हवी?

पंधरा लाखांपर्यंत बजेट आहे, वय झालं, पद झालं, आता 'मोठी' गाडी, असं घरात आपोआप ठरतं. तुम्ही लिहिलंय की घाटात मन हलकं होतं. त्या हलकेपणात तुमच्या आताच्या छोट्या गाडीचा हात किती आहे, हे एकदा तपासा. स्विफ्टसारखी छोटी गाडी ९२० किलोच्या आसपास भरते. तुम्ही बघताय त्या उंच गाड्या तिच्याहून तीनशे किलो किंवा जास्तच जड असतात, डिझेल असेल तर पुढची बाजू आणखी जड. उंच गाडी वळणात झुकते, बुटकी गाडी रस्त्याला चिकटून वळते. तुमच्या छोट्या पेट्रोल गाडीतून उतरून तुम्ही साधं पेट्रोल असलेल्या उंच गाडीत बसलात, तर इंजिन मोठं असूनही ती तुम्हाला सुस्त वाटण्याची शक्यता आहे. दोष पेट्रोलचा नसेल, त्याच्या पाठीवर बसलेल्या वजनाचा असेल.

उंच गाडीचे फायदेही आहेत. करूळच्या रस्त्याच्या कामाच्या काळात ज्यांनी शेजारच्या भुईबावडा घाटाच्या फुटक्या रस्त्याने गाड्या नेल्या आहेत, त्यांना ग्राउंड क्लिअरन्सचं मोल विचारावं. वडिलांना गुडघ्यांचा त्रास असेल तर उंच सीटवर बसणं सोपं जातं. मे महिन्यात आंबे, फणस, तांदळाची पोती घेऊन वर यायचं असेल तर डिकी मोठी हवी. हे तुमचं तुम्ही ठरवायचं. फक्त 'आता मोठी घ्यायचीच' म्हणून घेऊ नका.

माझा कौल मागितलात तर असा आहे. फेऱ्या बहुतेक एकटीच्या, शहरात पाच किलोमीटर, वर्षाला ९,००० आणि आवड गिअर मारायची, यावर माझं पहिलं मत हलक्या, बुटक्या, हातच्या गिअरच्या पेट्रोल गाडीला. चार-पाच लाख वाचतील, ते चांगल्या टायरांना आणि पुढच्या दहा वर्षांच्या पेट्रोलला वापरा. आई-वडिलांना घेऊन वारंवार ये-जा होणार असेल, गाडी भरून चढणार असेल, आणि म्हणून उंचच घ्यायची असेल, तर त्या गाडीत डिझेल, हातच्या गिअरचं. पावसाळ्यातल्या त्या अर्ध्या तासाच्या अटीसकट. उंच गाडीत साधं पेट्रोल मी तुमच्यासाठी शेवटी ठेवीन. वाईट म्हणून नव्हे. तुम्ही जी मजा म्हणता ती त्यात सगळ्यात कमी आहे.

पण कौल म्हणजे माझं कान-डोळ्यांचं मत. खरं उत्तर तुम्हाला दुसऱ्या गिअरमध्ये मिळेल. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर, शेजारी बोलत राहणारा सेल्समन आणि फुल एसी. त्यातून काही कळत नाही. त्यांना स्पष्ट सांगा की गाडी चढावर न्यायची आहे. गगनबावड्यापर्यंत नाही दिली तरी पन्हाळ्यापर्यंत देतात, आधी दिवस ठरवून मागितली तर नक्की. पन्हाळ्याच्या चढाला तीन गोष्टी करा. एसी चालू ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगातून गाडी उचला आणि ती किती वेळाने हाक ऐकते ते बघा. तिसऱ्यात ४० वर ठेवून पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करावंसं वाटतं का, की गिअर पाडावा लागतो, ते बघा, आणि गिअर पाडावा लागला तर तुम्हाला त्याचा राग येतो की आनंद होतो, तेही. उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी दुसऱ्यातच सोडा. इंजिन गाडीला किती धरून ठेवतं आणि ब्रेकवर किती वेळा पाय जातो, हे कळेल. मध्येच रेडिओ बंद करून काच खाली घ्या. तो आवाज पुढची दहा वर्षं ऐकायचा आहे. तिन्ही गाड्या एकाच दिवशी चालवू नका, हात गोंधळतात.

तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या बाकी वाचकांसाठी थोडं. रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर हायवेचं रनिंग असेल, वर्षाला वीस हजारांच्या पुढे जात असाल, तर डिझेल आजही खिशाला आणि पाठीला दोन्हीला बरं. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्येच आयुष्य जात असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की हवा विरळ होते तशी साध्या पेट्रोलची ताकद हजार मीटरमागे दहाएक टक्के घटते. टर्बोवाल्यांना ते फारसं जाणवत नाही. दहा वर्षांत डिझेल बंद होईल का, असं बरेच जण विचारतात. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदी हा विषय दिल्ली आणि तिच्या आसपासचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं आणि त्यानंतर तपासणी करून वाढवून मिळतं. दिल्लीला बदलीची शक्यता असेल तर मात्र हा मुद्दा आधी बघा. जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी टर्बो आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत. त्यांच्या दुरुस्तीला जी रक्कम लागते त्यात पेट्रोल गाडीची बरीच वर्षांची सर्व्हिसिंग होते.

शेवटी तुमच्या वडिलांचं. तुम्ही विचारलंत आणि ते नुसते हसले. ज्यांनी आयुष्यभर एसटीचं डिझेल इंजिन कानाने ऐकत घाट चढवले-उतरवले, त्यांना 'पेट्रोल की डिझेल' या प्रश्नाचं उत्तर शब्दांत देता येणार नाही, असं मला वाटतं. चढायला जो गिअर तोच उतरायला, न्यूट्रलला कधी उतरायचं नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तुम्हाला त्यांनी शिकवलंच असेल. मग पुढच्या फेरीला त्यांना कोल्हापुरात घेऊन या, पन्हाळ्याच्या टेस्ट ड्राइव्हला शेजारच्या सीटवर बसवा आणि काही विचारू नका. तुम्ही दुसरा गिअर टाकाल तेव्हा त्यांचा उजवा पाय नसलेल्या पेडलकडे जातो का, एवढं फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा. आणि घरी आल्यावर मला कळवा, कुठल्या गाडीत तो जागेवरच शांत राहिला.